त्रेपन्न मिलिमीटर तार

बोपोडीच्या मंडईत परवा मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "जर्मनीला निघालीस म्हणं? मग परत येणार, का तिकडंच?" मी "येणार की" म्हणाले, सुटे पैसे दिले आणि चालू लागले. घरापर्यंतच्या पाच मिनिटांत ते "येणार की" मला टोचत राहिलं. मी खोटं बोलले नव्हते. पण खरं बोलले, असंही छातीठोक सांगता येईना.

अकरा दिवसांनी माझं विमान आहे. बॉन विद्यापीठात खगोलभौतिकीचं एम.एस्सी., दोन वर्षांचं. प्रवेशाचं पत्र आल्यापासून हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यासमोर येतो आहे आणि प्रत्येकाला त्याचं वेगळं उत्तर हवं असतं. बँकेतल्या साहेबांना ऐकायचं होतं की मी तिथेच नोकरी धरेन, युरोत कमवेन आणि हप्ते वेळेवर येतील. व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात मात्र "शिक्षण संपवून भारतात परतेन असं ठळक लिहा," असा सल्ला मला मिळाला. एकाच आठवड्यात एका टेबलावर एक आणि दुसऱ्या टेबलावर दुसरं, अशी दोन उत्तरं मी दिली. शेजारचे काका प्रश्न विचारतात आणि उत्तरही तेच देतात, "हुशार पोरं कशाला येतात परत!" माझ्या कॉलेजातल्या मॅडम विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी आशा असते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती जणांनी तिकडून एक ईमेलसुद्धा केला नाही, हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ठाऊक आहे. आजी रोज विचारते. आईने अजून एकदाही विचारलेलं नाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर काय आहे ते मला लिहून काढायचं आहे. त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल, छत्र्यांपासून.

आजीचं माहेर जुन्नर तालुक्यातलं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिकडे जायचो. मंचर सोडलं, नारायणगाव जवळ आलं, की टोमॅटोची शेतं, द्राक्षांचे मांडव आणि मधूनच एखादी प्रचंड पांढुरकी ताटली आभाळाकडे तोंड करून उभी. आजी त्यांना छत्र्या म्हणते. "उलट्या छत्र्या. पाऊस आला तर भरतील." मी सात-आठ वर्षांची असेन, मला ते पटलं होतं. एसटीच्या खिडकीतून मी त्या मोजायचे आणि दर वेळी वेगळा आकडा यायचा.

पुढे नववीत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेने खोडदला नेलं. तिथे पहिल्यांदा एका छत्रीच्या बुडाशी उभं राहून वर पाहिलं आणि माझा श्वासच अडकला. ती ताटली भरीव नव्हतीच! तिच्यातून आभाळ दिसत होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी, दोरखंडांसारख्या तारांवर ताणून बसवलेली, बस्स. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. मी तिथल्या दादांना विचारलं, "आभाळातून येणाऱ्या रेडिओ लाटा भोकांतून निसटून जात नाहीत का?" ते म्हणाले, "आपण पकडतो त्या लाटा एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या. एवढ्याशा भोकाचं अस्तित्वच त्यांना कळत नाही. त्यांच्या लेखी ही भिंत आहे." आणि जाळी असल्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी होतं, खर्च कमी होतो. एकेक ताटली ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, शेतांमधून, गावांमधून पसरलेल्या. सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर पसरलेली एकच रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. म्हणजे आजीच्या माहेरच्या वाटेवर मला दिसायची ती या दुर्बिणीची बोटं होती.

ही दुर्बीण ज्यांनी उभी केली ते गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यातच गेले. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्यांची एक गोष्ट मी या सहा महिन्यांत मनात पुन्हा पुन्हा घोळवली आहे. १९५३ साली ते ऑस्ट्रेलियाला गेले, तिथे रेडिओ खगोलशास्त्र शिकले. सिडनीजवळ सहा-सहा फुटांच्या ३२ ताटल्यांची एक दुर्बीण काम संपून मोडीत निघणार होती. त्यांनी ती भारतासाठी मागून घेतली. ती आली तोवर ते स्वतः अमेरिकेला गेले होते. ताटल्या दिल्लीत पडून राहिल्या आणि माणूस स्टॅनफर्डला पीएच.डी. करत राहिला. १९६१ मध्ये त्यांनी आणि परदेशात असलेल्या आणखी तिघा भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून पत्र लिहिलं, की आम्हाला परत येऊन एकत्र काम करायचं आहे, जागा देता का? टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी तारेनं होकार कळवला. १९६३ मध्ये स्वरूप परतले, आणि दोनेक वर्षांत त्याच ३२ ताटल्या कल्याणजवळ उभ्या राहून सूर्याकडे पाहू लागल्या. मग १९७०च्या सुमारास उटीची दुर्बीण, आणि त्यानंतर आपली खोडदची.

माझं मन या गोष्टीत एका जागी अडतं. त्यांनी "मी परत येईन" एवढंच लिहिलं नाही. "आम्हाला अमुक करायचं आहे, जागा देता का," असं विचारलं. परत येणं हे त्यांच्या कामाच्या पोटात होतं.

पुण्यात परतलेल्यांच्या गोष्टींना तोटा नाही. रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले झाले, हवं ते पद मिळालं असतं, पण फर्ग्युसनला शिकवायला आले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, १९७२ मध्ये मुंबईला टीआयएफआरमध्ये आले आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. शाळेत असताना दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना आम्ही तिथे जायचो, त्या लंबकाभोवती उभे राहायचो. मला या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. पण मोठी माणसं या गोष्टी माझ्यासारख्या मुलीला सांगतात तेव्हा त्यांचा रोख त्यागावर असतो, आणि तो मला चुकीचा वाटतो. ही माणसं परतली ती करण्यासारखं काहीतरी डोळ्यांपुढे होतं म्हणून. आणि ज्यांना तसं काही दिसलं नाही, जे तिथेच राहिले, त्यांना आपण एका वाक्यात मोडीत काढतो, तेही मला बरोबर वाटत नाही.

आता बाबांबद्दल.

बाबा भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, सत्तावीस वर्षं. त्यांच्या कपाटात बारीक मापं घ्यायचा एक व्हर्निअर आहे, मऊ फडक्यात गुंडाळलेला. तो घरातल्या कुणी हात लावायची वस्तू नाही. दुसऱ्या वर्षाला असताना डिसेंबरमध्ये मी रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेला गेले. तिथे समजलं की आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संदेश घरी बनवलेल्या अँटेनावरही पकडता येतो. हायड्रोजनच्या अणूमध्ये इलेक्ट्रॉन मधूनच आपली फिरकी उलटी करतो आणि त्या वेळी २१ सेंटिमीटर लांबीची लाट सोडतो. एकट्या अणूला हे करायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात. पण आकाशगंगेत अणू इतके अफाट आहेत की ती कुजबुज कधी थांबतच नाही. १९५१ साली हार्वर्डमध्ये ती पहिल्यांदा ऐकली गेली, प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने. प्लायवूड आणि तांबं, एवढंच त्याचं साहित्य. मी ते चित्र बाबांना दाखवलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ड्रॉइंग आहे?"

ड्रॉइंग मी वहीत काढलं. पुढचा महिनाभर रविवार आमचे दोघांचे. पासोड्या विठोबापासून बोहरी आळीत जाऊन जीआय पत्रा आणला, तपकीर गल्लीत तीन दुकानं पालथी घालून कनेक्टर मिळवला. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला एक यूएसबी डोंगल असतो, तो लॅपटॉपला लावला की रेडिओ होतो, तो मी ऑनलाइन मागवला होता. पत्रा बाबांनी वर्कशॉपमध्ये कापून, वाकवून आणला. शिवण इतकी सरळ, की बोट फिरवलं तरी कळू नये.

शिंगाच्या मागे एक चौकोनी पेटी असते आणि तिच्यात तांब्याची एक छोटी तार उभी असते. सगळी लाट शेवटी त्या तारेवर येते. तिची लांबी लाटेच्या पाव हिश्श्याएवढी हवी, म्हणजे साधारण ५३ मिलिमीटर.

"टॉलरन्स किती?" बाबांनी विचारलं.

"एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल."

"चालेल म्हणजे? ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही."

मी गप्प बसले. खरंच लिहिलं नव्हतं. मग मी हिशोब केला, वहीत लिहिलं, अधिक-उणे अर्धा. बाबांनी तार चिमट्यात धरली, कानशीचे दोन हात मारले, व्हर्निअरचं फडकं सोडलं, मोजलं. पुन्हा एक हात. पुन्हा मोजलं. खिडकीच्या उजेडात त्या तारेचं टोक चमकत होतं आणि बाबांच्या अंगठ्यावर तांब्याची बारीक लालसर पूड. "त्रेपन्न," ते म्हणाले, आणि व्हर्निअर माझ्याकडे केला, मी वाचून खात्री करावी म्हणून. त्या कपाटातली ती वस्तू पहिल्यांदा माझ्या हातात आली होती.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात आम्ही ते शिंग गच्चीवर चढवलं. पहाटे चारला उठायचं, कारण त्या वेळी हंस नक्षत्र उत्तरेला उंच येतं आणि आकाशगंगा त्याच्यातून जाते. शिवाय पाचला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो आणि त्याच्या मोटरचा गोंगाट सगळ्या स्क्रीनवर पसरतो. पहिले दोन दिवस काहीच मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी एका सैल कनेक्टरला बाबांनी पाना लावला. आधी शिंग आकाशगंगेपासून दूर वळवून पाच मिनिटं मोजलं, मग हंसाकडे वळवून पाच मिनिटं. दोन्हींचा भागाकार केला. सपाट रेषेवर, १४२० मेगाहर्ट्झच्या जरा बाजूला, एक उंचवटा उभा होता.

बाबा वाकून बघत होते. "हे काय?"

"हायड्रोजन. हंसातला. आपल्या मागेपुढे फिरतोय ना, म्हणून जरा सरकलाय."

"किती लांबून येतंय?"

"हजारो प्रकाशवर्षं."

ते काही वेळ बोलले नाहीत. खाली खडकी स्टेशनात पहाटेची लोकल शिटी देत होती. मग म्हणाले, "म्हणजे त्रेपन्न बरोबर होतं."

मला पुढे काय करायचं आहे हे त्या पहाटे ठरलं. बॉन कुठे आहे हेसुद्धा मला तेव्हा नीट माहीत नव्हतं.

बॉनच का, तर त्याचं कारण परत खोडदलाच येऊन मिळतं. बॉनपासून चाळीसेक किलोमीटरवर आयफेलच्या डोंगरात, एफेल्सबर्ग नावाच्या गावाजवळ, एका खोऱ्यात १०० मीटर व्यासाची एकच ताटली आहे. ३२०० टन वजनाची, १९७२ पासून काम करणारी, आणि एवढं धूड हव्या त्या दिशेला वळतं. ती बॉनच्या मॅक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेची. तिथे पल्सारवर काम चालतं. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, भिंगरीसारखा फिरणारा, दर फेरीला एक ठोका देणारा. काही पल्सार सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि त्यांचे ठोके घड्याळासारखे नेमके येतात. त्या ठोक्यांत वर्षानुवर्षांच्या मोजणीत अगदी किंचित पुढेमागे झालं, आणि तेही आकाशातल्या सगळ्या पल्सारमध्ये ठरावीक पद्धतीने झालं, तर मधून गुरुत्वाची लाट गेली असं समजायचं. जून २०२३ मध्ये तशा लाटांच्या खुणा दिसल्याचं जगभरातल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. त्यातल्या युरोपच्या गटाने २५ पल्सारची जवळपास २५ वर्षांची निरीक्षणं वापरली होती आणि त्यांच्याबरोबर भारत-जपान गटाचीही होती. भारताची म्हणजे खोडदची.

खोडदची गरज का पडली ते समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पल्सारचा ठोका आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमधून येतो. ते इलेक्ट्रॉन त्याला रेंगाळत ठेवतात, आणि कमी वारंवारितेच्या लाटेला जास्त. वारंवारिता निम्मी केली तर उशीर चौपट. हा उशीर नीट वजा केला नाही तर गुरुत्वाची खूण त्यात बुडून जाते. आणि उशीर नीट मोजायचा तर तो जिथे मोठा दिसतो तिथे, म्हणजे खालच्या वारंवारितांवर मोजायला हवा. त्या बाबतीत खोडदच्या छत्र्या जगात पहिल्या रांगेत आहेत. टोमॅटोच्या शेतांमधली जाळी आणि आयफेलच्या खोऱ्यातली ताटली एकाच ताऱ्याचा ठोका ऐकतात आणि एकीला दुसरीची दुरुस्ती लागते. मला त्या दुरुस्तीवर काम करायचं आहे. झालंच तर बॉनच्या खोलीत बसून मी नारायणगावजवळ नोंदलेले आकडे वाचत असेन.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता भीतीचं लिहिते.

पहिली भीती पैशांची, ती पटकन सांगून टाकते. बॉनला शिकवणीची फी नाही, सहामाहीचे तीनेकशे युरो भरायचे. पण तिथे राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात टाकून दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. आपल्या रुपयांत ते बारा लाखांच्या आसपास जातं, आणि ते झालं एका वर्षाचं. बँकेने तारण मागितलं. आमचा वन-रूम-किचन बाबांनी पंधरा वर्षं हप्ते भरून सोडवला होता. गेल्या वर्षीच शेवटचा हप्ता गेला, आईने त्या दिवशी शिरा केला होता. त्या घराचे कागद बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवले, कडा सारख्या केल्या आणि हात मांडीवर घेतले. मी शेजारी बसले होते. तो आवाज, कागद टेबलावर ठेवल्याचा, मला अजून ऐकू येतो. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला जर्मनी अठरा महिने देते. त्या अठरा महिन्यांकडे माझ्या घरचे आणि बँक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेत संशोधन कुठेच नाही. आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही.

दुसरी भीती, मी पुरी पडेन का. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. अजूनही एखादं गणित अडलं की डोक्यात "त्वरण" येतं, मग "अ‍ॅक्सिलरेशन". मला याची लाज नाही, माझा विचार मराठीत पक्का होतो आणि मग बाहेर येतो. पण चर्चेत पाच जण भराभर बोलत असताना माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असेल का? तिथे प्राध्यापकांशीही मोकळेपणाने वाद घालतात म्हणे. मी आजवर सरांना "सर, एक शंका होती" यापलीकडे गेलेले नाही. हे बदलावं लागेल आणि मला ते बदलायचं आहे.

तिसरी, मी बदलले तर? गेल्या दिवाळीत कॉलेजातला एक सीनिअर तिकडून आला होता. लोकलने आम्ही सगळे लोणावळ्याला निघालो. दापोडीपासून तळेगावपर्यंत त्याने प्रत्येक स्टेशनाची धूळ मोजली. मुलगा मनाने चांगला आहे, त्याने अर्ज भरताना मला रात्री जागून मदत केली होती. पण बोलताना त्याला समजतही नव्हतं की आपण आता पाहुण्यासारखं बोलतोय. मला त्याचा राग आला नाही, मला माझी भीती वाटली. दोन वर्षांनी बाबांच्या अंगठ्यावरची तांब्याची पूड मला कशी दिसेल?

आणि शेवटची, जी मी कुणाशी बोलत नाही. आजी ऐंशीची आहे. गेल्या पावसाळ्यात ती आठ दिवस दवाखान्यात होती. रात्री मी तिच्याजवळ असायचे. तिला झोप लागत नसली की ती माझा हात शोधायची, नुसता धरून ठेवायची. तिकडे रात्री फोन वाजला तर? तिकीट, विमान, मग मुंबईहून पुणे. कितीही घाई केली तरी एक दिवस जाणार. मी याचा हिशोब करून पाहिला आहे, खरंच कागदावर मांडून पाहिला आहे, आणि कुठूनही धरलं तरी तो बसत नाही. आई एकदा एवढंच म्हणाली, "आम्ही आहोत." मेतकुटाची पिशवी बांधत होती, मान वर केली नाही. ती तो प्रश्न का विचारत नाही हे मला त्या वेळी समजलं. मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

मग परत येणार का?

मला यायचं आहे. हे मी आज, इथे, बोपोडीच्या खोलीत बसून अगदी खरं लिहिते आहे. आणि यायला कारणंही तयार होत आहेत. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला, गुरुत्वलहरी मोजणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि २०२३ साली त्यासाठी २६०० कोटी मंजूर झाले. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे दुर्बिणीत भारत १२५० कोटी घालतो आहे, आणि त्या कामाचं आपल्याकडचं केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारातली एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. पण एम.एस्सी.नंतर पीएच.डी., त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, आज या देशात, उद्या त्या. पक्की जागा मिळेपर्यंत माणूस पस्तिशीला येतो, आणि जागा मोजक्या. मी यायचं ठरवलं तरी मला घेणारं कुणी असेल का, हे माझ्या हातात नाही. म्हणून "येणार" असं वचन मी देत नाही. आजीलासुद्धा नाही. तिला खोटं वचन देऊन विमानात बसणं मला जमणार नाही. मी तिला म्हणते, "आजी, मला यायचंय." ती म्हणते, "यायचंय आन् येणार, दोन निराळे शब्द हायत." तिची शाळा चौथीपर्यंतची.

काल पहाटे पाऊस उघडला होता. पाचला पंधरा मिनिटं कमी असताना आजीनेच मला हलवलं. "गच्चीवर चल. अगस्ती आला आसंल." ती दरवर्षी भाद्रपदात बघते. अगस्ती दिसला की पाऊस सरत आला, नदीचं पाणी निवळलं, असं तिच्या माहेरी म्हणायचे. तीन मजले चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली, प्रत्येक वळणावर थांबत. दक्षिणेला समोरच्या इमारतीच्या टाकीच्या वर तो होता. व्याध डोक्याकडे, आणि त्याच्या खूप खाली हा, पिवळसर पांढरा, धुतलेल्या आभाळात एकटा.

"तिकडनं पन ह्योच दिसल ना?"

उत्तर मला येत होतं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, बॉनचा पन्नास पूर्णांक सात. अगस्ती खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला बावन्न पूर्णांक सात अंशांवर. पुण्यात तो फार तर एकोणीस अंश वर येतो. बॉनमध्ये तो ऐन माथ्याच्या वेळीही क्षितिजाच्या तेरा अंश खालीच राहतो. तिथे तो कधीच उगवत नाही. हंस मात्र तिथे उंच राहील, त्याचं शेपूट तर रात्रभर मावळायचंच नाही.

"नाही दिसणार," मी म्हणाले. पृथ्वीची गोलाई हाताने दाखवली, ती वर सरकत जाते तसा खालचा तारा कसा आड जातो ते.

आजी विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "मंग मी बघून सांगत जाईन. फोनवर."

"रोज?"

"रोज कशाला? उगवला का न्हाई तेवढं. आन् किती वर आलाय ते कसं सांगायचं, ते दाव मला."

मी तिला हात सरळ पुढे धरायला सांगितलं, मूठ मिटून, अंगठा आत. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ती टाकीच्या कडेवर एक मूठ ठेवणार होती, तर मी म्हटलं तिथून नको, क्षितिजापासून. तिने मूठ खाली नेली, तिच्यावर दुसरी मूठ रचली. तिचा हात थरथरत होता, तो मी कोपराखालून धरला.

"दोन मुठी," ती म्हणाली. "जराशी कमीच."

खाली पाण्याचा पंप सुरू झाला.